पसंतीला आणलेल्या साड्या

मृत्यूपुढे सगळे सारखे असतात. इतिहास शिकवताना हे वाक्य मी वर्गात फार गंभीर चेहऱ्याने म्हणत असे. एखादा बादशहा मेला की खडू खाली ठेवायचा, थोडे थांबायचे आणि म्हणायचे. मुली वहीत उतरवून घेत. पुढे आमच्याच घरात लागोपाठ दोन आजारपणे झाली आणि मला ते वाक्य मागे घ्यावे लागले. मला भेटायला नांदेड-परभणीपासून निजामाबादपर्यंतचे नातेवाईक आले, रडले, निरोप घेऊन गेले, आणि मी मेले नाही. अक्का मेल्या, तेव्हा कोणाकडे फारशी रजा उरलेली नव्हती आणि रडणेही.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. हैदराबादेत तारनाक्याला आमचे दुमजली घर आहे. खाली अक्का आणि दादा, म्हणजे माझे थोरले दीर. वर मी आणि शरद. दादांचे बेगम बाजारात मसाल्याचे ठोक दुकान. शरद रेल्वेत. मी मुलींच्या कॉलेजात. अक्का आम्हा सगळ्यांची वेळेवर जेवणे करत, आणि हे काम आहे असे आमच्यापैकी कोणाला वाटत नसे.

ज्यांच्या घरात असे आजारपण चालू आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. औषधांची नावे यात नाहीत. ती डॉक्टरांना विचारा. धीर कसा धरावा हेही नाही, कारण मला ते माहीत नाही.

माशांची पेटी

देश तेव्हा नुकताच खुला झाला होता. घरांवर केबलच्या तारा लटकत होत्या, किराणा दुकानात शाम्पूच्या पुड्यांच्या माळा आल्या होत्या, आणि हॉस्पिटलांना हॉटेलांसारखे दिसण्याची हौस आली होती. आम्ही गेलो ते हॉस्पिटल नवे कोरे होते. खाली संगमरवर, मधोमध कारंजे, कारंज्यापाशी गणपती, भिंतीत माशांची भली मोठी पेटी. बारीक आवाजात सतार वाजत होती. काउंटरवरच्या मुलीने माझ्या मानेतल्या गाठीचा रिपोर्ट पाकिटात घालून दिला आणि इंग्रजीत म्हणाली, तुमचा दिवस आनंदात जावो.

डॉक्टरांनी शरदला आणि दादांना आत बोलावले. मला बाहेर बसवले. आजार माझा होता, पण बातमी पुरुषांना सांगायची असते. मी आणि अक्का माशांकडे बघत बसलो. बऱ्याच वेळाने दोघे बाहेर आले. शरदचा चेहरा धुतलेला होता, म्हणजे नुकताच धुतलेला.

"काही नाही," दादा म्हणाले. "गाठ आहे. औषधानं विरघळंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी, सगळे कामाला गेल्यावर, अक्का वर आल्या. हातात मेथीची जुडी आणि ताट. माझ्या पलंगावर बसून निवडायला लागल्या.

"सुमन, हे दोघं तुला सांगणार नाहीत. मी रात्री यांच्याकडून काढून घेतलं. डॉक्टर म्हणाला, उशीर झालाय. औषध देतो म्हणाला, पण घरच्यांना बोलवून घ्या म्हणाला."

मी विचारले, "म्हणजे मरणार?"

"तसंच म्हणाला बाई तो."

मग त्या मेथी निवडत राहिल्या. माझा हात धरला नाही, डोळ्याला पदर लावला नाही, देवाचे नाव घेतले नाही. थोड्या वेळाने अर्धी जुडी माझ्यापुढे सरकवून म्हणाल्या, "हात रिकामे असले की डोकं खातं. घे."

मी मेथी निवडली. त्या दिवसाचे मला आठवते ते एवढेच, आणि भाजीला जरा माती राहिली होती हे.

निरोपाचे दिवस

पुढचे काही महिने हॉस्पिटल आणि घर असे हेलपाटे चालले. सलाईन, उलट्या, तोंडात फोड, उशीवर केस. सकाळी आया यायची, "क्या होना अम्मा?" म्हणजे काय पाहिजे, असे विचारायची आणि उत्तराची वाट न बघता चादर ओढायची. त्या सगळ्या इमारतीत मला तीच एक मनमोकळी बाई वाटली.

उलट्यांचे कारण पुष्कळदा वास असे. सगळ्यात वाईट मसाल्याचा. दादा दुकानातून येत तेव्हा त्यांच्या शर्टाला धने, मिरची, हळद, सगळा बेगम बाजार चिकटलेला असे. ते खोलीत आले की माझी धावपळ सुरू. अखेर अक्कांनी नियम केला: यांनी दारातच थांबायचे. बिचारे दादा रोज संध्याकाळी उंबऱ्याबाहेर उभे राहून विचारत, "काय सुमन, बरं आहे ना?" आणि मी बरे आहे म्हटले की सुटल्यासारखे खाली जात. हा नियम ध्यानात ठेवा. तो पुढे फार महागात पडला.

आणि मग भेटायला येणारे. आमच्याकडे माणूस जाणार अशी वार्ता गेली की डोळेभेट घ्यायला यायचे असते. न येणाऱ्याला जन्मभर ऐकून घ्यावे लागते. त्यामुळे सगळे आले. गाडीने, एसटीने, एकजण भाड्याच्या जीपने. कोणी कीर्तनकाराच्या आवाजात आत्मा अमर असल्याचे सांगितले. हे सांगताना माणसे माझ्या टकलाकडे बघत. मला उस्मानिया बिस्किटे आवडतात हे कोणीतरी पसरवले होते, म्हणून प्रत्येकाने डबा आणला. तोंडातल्या फोडांमुळे मला पाणीसुद्धा गिळवत नव्हते. खाली दादांनी आणि शरदने ती बिस्किटे खाल्ली. दोघांची वजने वाढली.

शरदच्या आत्याबाईंनी माझ्या उशाशी बसून जुने भांडण मिटवले. "मी तुला लग्नात घालून पाडून बोलले होते, मनात ठेवू नको गं," असे म्हणून हमसून रडल्या. मीही रडले. चुलत सासऱ्यांनी तर सगळ्यांदेखत सांगितले, की अशी सून आमच्या घराण्यात झाली नाही. तोवर त्यांना मी हैदराबादची शिष्ट मास्तरीण वाटत असे.

या सगळ्यांसाठी चहा, पोहे, दोन वेळची जेवणे, अंथरुणे अक्का करत होत्या. मधून वर येऊन माझ्याजवळ बसत. ताटात काहीतरी निवडायला असायचे. डावा हात पोटावर दाबून धरलेला असायचा. मला वाटायचे, ती त्यांची बसण्याची ढब आहे.

अडचणीची गोष्ट

मग मी बरी व्हायला लागले.

डॉक्टरांनी औषध बदलले. नवे होते, परदेशातून नुकतेच यायला लागले होते. त्यांनाही त्याची फारशी आशा दिसत नव्हती. पण गाठी विरल्या. केस आले, भूक आली. डॉक्टर रिपोर्ट बघून इतके खूश झाले, की मला त्यांच्या विद्यार्थ्यांपुढे उभे करून दाखवले.

घरातल्यांना आनंद झाला, खरेच झाला. पण नातेवाईकांची जरा पंचाईत झाली. आत्याबाईंनी क्षमा मागितली होती ती मरणाऱ्या बाईची. जिवंत सुमनची मागायची त्यांची तयारी नव्हती. पुढच्या लग्नात भेटल्या तेव्हा तोंड फिरवून बसल्या. चुलत सासऱ्यांनी "तब्येत चांगली दिसते" असे काहीसे तक्रारीच्या सुरात म्हटले. लोकांनी माझ्यासाठी रजा काढली होती, भाडे खर्चले होते, डोळे सुजवले होते, आणि मी जिलबी खात होते.

मला सारखे वाटायचे, सगळ्यांना काहीतरी परत करायला हवे. काय, ते कळत नव्हते. हॉस्पिटलात एक नवी समुपदेशक मुलगी नेमली होती. तिच्या टेबलावर कागदाच्या रुमालांचा डबा होता. वाचल्याबद्दल अपराधी वाटते असे मी म्हटल्यावर तिने सांगितले, की याला इंग्रजीत नाव आहे. जणू नाव असलेली गोष्ट कमी दुखते.

याच सुमारास मला ती साडी सापडली. खाली अक्कांच्या कपाटात चादर शोधत होते. तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली हिरवी साडी, वर हिरव्या बांगड्यांची जोडी, खण, नारळासाठी रुमाल.

"अक्का, ही कोणाची?"

अक्का पोळ्या लाटत होत्या. वळून बघितले आणि म्हणाल्या, "तुझीच की."

"माझी?"

"आता काय सांगू तुला. डॉक्टरनं तसं सांगितल्यावर आणून ठेवली सुलतान बाजारातून. सवाष्णीला न्यायचं म्हणजे हिरवी पाहिजे. आयत्या वेळी पुरुष धावतात न् काहीपण उचलून आणतात. सासूबाईंना पोपटी नायलॉन आणलं होतं. माणूस गेलेलं दुःख एकीकडं, ते नायलॉन बघून मला जास्त रडू आलं. तुझ्या वेळी असं नको म्हटलं."

साडी उलगडून बघितली. बरी होती. "मला हिरवा रंग आवडत नाही, अक्का."

"तुला कुठं बघायची होती?"

आम्ही दोघी इतक्या हसलो की पोळी करपली. हसता हसता मी विचारले, रंग पक्का आहे का.

"विचारलंच नाही गं. एकदाच तर नेसवायची होती."

हसताना त्या मध्येच थांबल्या आणि पोटावर हात दाबून ओट्याला टेकल्या. "काही नाही," म्हणाल्या. "ॲसिडिटी. सोडा घेतला की बसते." तेव्हा मला पहिल्यांदा दिसले, की ती बसण्याची ढब नव्हती.

सुमनकडे बघा

पुन्हा तेच हॉस्पिटल. कारंजे बंद होते, मासे बदलले होते. या वेळी डॉक्टरांनी दादा, शरद आणि मला आत बोलावले, कारण मी आता अनुभवी होते. बाहेर अक्का माशांसमोर एकट्या बसल्या होत्या. पोटातला आजार होता, आणि तो पार पसरलेला होता. कधीपासून, असे शरदने विचारले. डॉक्टर म्हणाले, बरेच महिने झाले असणार, त्रास जाणवला असेलच. कोणी माझ्याकडे बघितले नाही. न बघणे अगदी ठरवून होते.

बाहेर आल्यावर दादा म्हणाले, "काही नाही. आतड्याला सूज आहे."

हे आमच्या घरात ठरूनच गेले. सूज. आणि सूज शब्दाला जोर यावा म्हणून पुढे माझे नाव. "सुमनकडे बघा! तिला तर डॉक्टरनं हात टेकले होते. उठली की नाही?" फोनवरून आत्याबाई हेच म्हणाल्या, चुलत सासरे हेच म्हणाले. कोणी यायला निघाले नाही. एक तर मागच्याच वर्षी सगळे येऊन गेले होते. आणि मागच्या वेळी येऊन काय झाले, हेही त्यांना ठाऊक होते. त्यांच्या मते आमच्या घरातली माणसे उठत असत.

अक्का काही बोलायला लागल्या की कोणीतरी मला पुढे करायचे. "आता माझं काही खरं नाही," म्हटले की "सुमनकडे बघा." "किशोरच्या बायकोला कुळाचाराचं सांगून ठेवते," म्हटले की "कशाला? सुमनकडे बघा." किशोर म्हणजे त्यांचा मुलगा, पुण्याला नोकरीला. माझे केस, माझी भूक, माझे चालणे-फिरणे, हे सगळे त्या बाईचे तोंड बंद करायला वापरले जात होते. खोलीत जाताना मला पाय उचलवत नसे. मी बरी दिसू नये म्हणून काही दिवस जुन्या, ढगळ साड्या नेसून जात होते. हा मूर्खपणा आहे हे मला तेव्हाही कळत होते.

अक्कांनी मला जे एका सकाळीत सांगितले होते, ते त्यांना सांगायला मी बरेच दिवस लावले. शेवटी त्यांनीच विषय काढला. मी शेंगा सोलत बसले होते. ताट घेऊन बसायचे, हे मी त्यांच्याकडूनच उचलले होते.

"सुमन, तू सांगतेस का मीच अंदाज लावू?"

"काय?"

"मी तुला मेथी निवडत सांगितलं होतं. तू शेंगांवर सांग."

मी सांगितले. सूज नाही. औषधाने थोडे दुखणे कमी होईल, बाकी काही नाही. आणि म्हणाले, "अक्का, तुम्ही माझं करत बसलात म्हणून हे झालं."

"झालं का सुरू," अक्का म्हणाल्या. "माझं पोट, माझा आजार, तोपण तुझ्यामुळंच? कॉलेजात शिकवतेस म्हणून सगळं तुझ्यामुळं होतं व्हय?" मग म्हणाल्या, "दुखत होतं. तुझ्यापुढं कुठं बोलायचं म्हणून नाही बोलले. ते माझं चुकलं. तू त्यात कशाला घुसतेस?"

त्यांनी मला माफ केले की गप्प केले, हे मला अजून समजलेले नाही.

उंबरा

राहिले दादा. ते खोलीत येत नव्हते.

सकाळी उठून दुकानात जायचे, उशिरा यायचे, दारातून विचारायचे, "काय, बरं आहे ना?" आणि मागे सरायचे. मी एकदा जिन्यात गाठून म्हटले, "दादा, आत बसत जा की थोडं."

"माझ्या अंगाला मसाल्याचा वास असतो," ते म्हणाले. "तिला उलटी होईल. तुला व्हायची ना?"

खरे तर त्यांना भीती वाटत होती, आणि माझ्या आजारपणाने त्यांना चांगले कारण मिळवून दिले होते. नियमही अक्कांचाच होता.

हे अक्कांना सांगितल्यावर त्या छताकडे बघत राहिल्या. "मला त्या वासाची कधी उलटी आली? लग्न होऊन आले तेव्हा पहिल्या दिवशी आली होती फक्त." मग म्हणाल्या, "सुमन, मला एक हिरवी साडी पाहिजे."

"माझी ती आहेच की, अक्का."

"ती तुझ्या रंगावर घेतली होती. मला नाही शोभणार. मला माझ्या पसंतीची पाहिजे."

"मी आणते उद्या सुलतान बाजारातून."

"तू नको. यांना पाठव."

"दादांना काय कळतं साडीतलं?"

"काहीच कळत नाही," अक्का म्हणाल्या. "म्हणूनच."

सुलतान बाजारात आमचे ठरलेले दुकान आहे. ओळखीच्या घरात लग्नकार्य असले की ते साड्यांचा गठ्ठा पांढऱ्या कापडात बांधून पसंतीला देतात. घरच्या बायकांनी निवांत बघायचे, हवी ती ठेवायची, बाकीच्या दुसऱ्या दिवशी परत पाठवायच्या. दादा असा गठ्ठा घेऊन संध्याकाळी लवकर घरी आले. मी आणि शरद बघतच राहिलो. दिवे लागायच्या आत त्यांना आम्ही घरात कधी पाहिले नव्हते.

गठ्ठा आत न्यायला ते मला देऊ लागले. मी हात मागे घेतले. गठ्ठा जड होता, दारात उभे राहून सोडता येण्याजोगा नव्हता. ते आत गेले.

"हे काय आणलंत," अक्कांचा आवाज आला. "सगळ्या एकसारख्या. शाळेचा गणवेश शिवायचाय का?"

"हिरवी म्हणालीस."

"हिरव्यात काय एकच हिरवा असतो?"

दादांनी जरा विचार केला. रंगांची नावे त्यांना येत नव्हती. "ही बडीशेपेची आहे," ते म्हणाले. "ही कढीपत्त्याची. सुकलेल्या."

"मला वेलदोड्याची पाहिजे."

"वेलदोडा महाग असतो."

"असू दे. एकदाच घ्यायची आहे."

मी बाहेर भिंतीला टेकून उभी होते आणि मला आत जावेसे वाटत होते. शरदने माझा दंड धरून ठेवला. मग दादांचा आवाज आला, बसका. "बरं. उद्या बघतो."

दुसऱ्या दिवशी ते गोदामातले वेलदोडे खिशात घालून साडीच्या दुकानात गेले. गादीवर ठेवून म्हणाले, "ये रंग होना." दुकानदाराने विचारले, "शादी किसकी है सेठ?" दादा म्हणाले, "घर की है." दुकानदाराने मुबारकबाद दिली आणि चहा मागवला. हे त्यांनी रात्री अक्कांना सांगितले तेव्हा दोघे हसत होते. दादांना हसताना ठसका लागला आणि ठसक्याच्या आडून ते रडून घेत होते. अक्का म्हणाल्या, "पाणी प्या." पाण्याचा तांब्या अक्कांच्याच उशाशी होता.

मग हे रोजचे झाले. संध्याकाळी गठ्ठा येई, सकाळी परत जाई. हिचा काठ बारीक, तिचा पदर भडक, ही फार जाड, "हिच्यावर मोर आहेत का कोंबड्या?" दादा बाजू मांडत, अक्का हाणून पाडत. साड्यांवरून बोलणे घरावर जाई, किशोरवर जाई, लग्नानंतर केलेल्या पहिल्या प्रवासावर जाई, एका मेलेल्या बाळावर जाई, ज्याच्याबद्दल या घरात मी कधी ऐकले नव्हते. कुळाचाराचे अक्का दादांनाच सांगत. "सुमनकडे बघा" म्हणायचे ते विसरून गेले होते. खोलीला धन्यांचा वास यायला लागला. अक्कांना एकदाही उलटी झाली नाही. त्या वासाने तरी नाही, म्हणजे.

त्या मुद्दाम नापसंत करत होत्या हे माझ्या फार उशिरा लक्षात आले. एका गठ्ठ्यात अगदी वेलदोड्याच्या रंगाची, नारायणपेठी काठाची साडी होती. अक्कांनी ती हाताने चाचपली, गालाला लावली, आणि म्हणाल्या, "नको. उद्या दुसऱ्या आणा." घरात ऐकू जाऊ नये म्हणून मी सकाळी दुकानदाराला शरदच्या ऑफिसातून फोन करून सांगितले, ती बाजूला ठेवा. तो म्हणाला, "मॅडम, सेठने पहिलेच बोल के रक्खे."

म्हणजे दोघांनाही ठाऊक होते. ठाऊक नसलेली एकटी मी होते, आणि मी या विषयातली जाणकार समजली जात होते.

ही राहू दे

अक्का दिवसेंदिवस खंगत गेल्या. बोलणे कमी झाले. शेवटी शेवटी दादाच एकेक साडी उलगडून दोन्ही बाजूंनी बोलत. "हिचा काठ बारीक आहे, मला माहीत आहे, तू सांगू नको." अक्का पापण्या हलवत.

एका संध्याकाळी दादांनी ती वेलदोडी साडी पुन्हा आणली. का आणली, कोण जाणे. त्या दिवशी दुकानात दुसरे काही उरले नसावे. अक्कांनी हात पुढे केला, काठावर ठेवला.

"ही राहू दे," त्या म्हणाल्या.

दादा घाईने साडीची घडी करू लागले. "अगं, अजून पुष्कळ आहेत. नवा माल आलाय म्हणे. उद्या आणतो की. बघून तर घे."

"किती फिरवाल त्या दुकानदाराला. राहू दे आता."

दादांनी साडी हातातून सोडली नाही. ती तशीच मांडीवर घेऊन, ओट्यावरचे दूध उतू जाईपर्यंत बसून राहिले. दुधाकडे मीही गेले नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, भर सकाळी, घरातच, अक्का गेल्या. दादा जवळ होते. त्यांनी त्या दिवशी दुकान उघडले नव्हते. किशोर दोन दिवस आधी पोचला होता, त्याच्याशी बोलून झाले होते. साडीसाठी कोणाला धावावे लागले नाही. आम्ही बायकांनी ती नेसवली. शोभली.

नातेवाईक दिवसांना आले. सगळे म्हणाले, अचानकच झाले. आत्माही पुन्हा अमर निघाला. दादा कोणाशी बोलत नव्हते. लोक पांगल्यावर मी त्यांच्यापुढे ताट ठेवले, त्यात गवारीच्या शेंगा. दादांनी आयुष्यात भाजी निवडली नव्हती. शिरा तशाच ठेवून त्यांनी नुसत्या शेंगा मोडल्या. मी काही शिकवले नाही. भाजी चावताना सगळ्यांच्या दातांत दोरे अडकले आणि कोणी तक्रार केली नाही. ज्यांना विचारायचे असते की अशा माणसाला काय बोलावे, त्यांना मी एवढेच सांगू शकते: मला अजून काही सुचलेले नाही. ताट ठेवावे.

अपराधी वाटणे गेलेले नाही. दर तपासणीला डॉक्टर म्हणतात, सगळे उत्तम आहे, आणि मी खाली येऊन माशांपुढे जरा बसते. माझ्या वाट्याला आलेले निम्मे निरोप तरी त्यांना मिळायला हवे होते, असे वाटते. मग वाटते, त्यांना एकच पाहिजे होता.

माझी हिरवी साडी अक्कांनी जायच्या आधी कपाटातून काढायला लावली होती. "तुझी आहे, तू नेस," म्हणाल्या. "ठेवून काय करणार? आता तुला लवकर लागत नाही." किशोरच्या मुलीच्या बारशाला मी ती नेसले. सगळ्यांनी चांगली दिसते म्हटले. आत्याबाईंनीही.

पहिल्याच धुण्यात तिचा रंग गेला. शरदचे दोन बनियन अजून हिरवे आहेत.